उसना व्याही

वायराणी खाण, ८ सप्टेंबर १९६३

विहीणबाई पास्तोरा यांना सातुर्निनाचा नमस्कार.

इकडे सगळे जिवंत आहेत. तुमची नात निल्दा हिचे पुढचे दोन दात पडले. नळावर पाण्यासाठी भांडताना पाडून घेतले. ती कुणावर गेली हे मी लिहीत नाही. माझी हसिंता बरी आहे. तुमचा मुलगा बरा नाही. तब्येतीने बरा आहे, डोक्याने नाही, आणि त्यासाठीच हे पत्र.

माझं अक्षर वाकडं आहे. मी रेडिओवरच्या शाळेत शिकले, आणि रेडिओ काही हात धरून गिरवून घेत नाही. तुम्ही मठातल्या बायकांकडे शिकलेल्या, लावून घ्या.

आमचा ढीग तुम्हाला माहीत आहे. खाणीतून वर आलेला आणि कंपनीने नको म्हणून फेकलेला दगड. नवरा खाणीत मेला की कंपनी विधवेकडून घर काढून घेते आणि बाई हातोडी घेऊन ढिगावर येते. दगड फोडायचा, कथलाची रेघ दिसली तर टोपलीत, नाही तर मागे. माझा सेवेरिनो गेल्यापासून मी तेच करते. जावयाच्या घरी राहते खरी, पण जावयाचं खात नाही, हे लक्षात असू द्या.

आता ओरुरो शहरचा एक ठेकेदार यंत्र आणतोय. अख्खा ढीग यंत्राच्या तोंडात जाणार. ढिगाला कुंपण, कुंपणाला पहारेकरी, पहारेकऱ्याला कुत्रा. कंपनीला त्यासाठी कामगार संघाचा होकार पाहिजे. फुकट कोण होकार देतो? म्हणून कंपनीने संघाला कबूल केलंय, आमच्या रेडिओला नवं यंत्र देऊ. आत्ता ‘वायराणीचा आवाज’ तुमच्या क्लिसापर्यंत घरघरत पोचतो. नवं आलं की पार पेरू देशापर्यंत खणखणीत जाईल म्हणतात. दहा नोव्हेंबरला संघाची सभा आहे. बाप्ये हात वर करतील आणि ढिगावरच्या चाळीस बायकांनी घरी जावं. घर कुठलं ते विचारू नका.

मी रेडिओवर गेले. तुमचा फाउस्तो तिथला कारभारी, काचेच्या खोलीत बसलेला. म्हटलं, “सभेच्या आधी आम्हाला बोलू दे.” म्हणाला, “सासूबाई, माईक संघाचा आहे. तुम्ही बायका सभासद नाही.” मी म्हटलं, “काल तू हरवलेल्या गाढवाची सूचना वाचलीस. गाढव सभासद होतं का?” त्यावर त्याने गाणं लावलं.

तुम्ही त्याला लिहा. सासूचं बोलणं कानावरून जातं, आईचं पोटात जातं.

सातुर्निना


क्लिसा, २४ सप्टेंबर १९६३

प्रिय सातुर्निनाबाई,

तुमचं पत्र पोचलं. अक्षर वाकडं नाही, घाईचं आहे. माणसाचं अक्षर माणसासारखंच असायचं.

निल्दाच्या दातांचं वाचलं. आमच्या घराण्यात भांडून कुणाचे दात पडलेले मला आठवत नाहीत, पण विचारून बघते.

फाउस्तोला मी काही लिहिणार नाही. आपला तो बाब्या, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. चार वर्षं तो पोरगा त्या जुन्या यंत्राला तारा बांधून आणि शिव्या घालून चालवतोय. मी दुकानात चिचाच्या, मक्याच्या दारूच्या मडक्यांच्या वर, फळीवर रेडिओ ठेवला आहे. गिऱ्हाइकांना सांगते, ऐका, हा माझा मुलगा. आणि नेमका तेव्हाच तो मडक्यात अडकलेल्या माशीसारखा बोलायला लागतो. आईला वाटणार नाही का, की आपल्या मुलाचा आवाज लोकांना नीट ऐकू यावा? तुमच्यावर वेळ आली आहे हे मला कळतं. पण खाणीतले पुरुष काही राक्षस नाहीत. तुम्हाला काहीतरी काम देतीलच. कंपनीच्या साहेबांकडे धुणी असतात, भांडी असतात.

मला माझं दुःख आहे. यंदा माझ्या इलारियोनचं पहिलं पान. हृदयाने नेलं त्याला. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला हृदयानेच न्यायचं, देवाची करणी. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, दुपारी तो घरी येणार, दुसऱ्या दिवशी दुपारी परत जाणार. पावाच्या बाहुल्या, पावाची शिडी, त्याच्या आवडीचं सगळं मांडायचं आहे. मी फाउस्तोला बोलावलं. तर लिहितो की येता येत नाही, त्या दिवशी रेडिओवर मेलेल्यांना निरोप असतात आणि ते त्यालाच सांभाळावे लागतात. बाप घरी जेवायला येणार, आणि मुलगा दुसऱ्यांच्या बापांची सरबराई करत बसणार. बघा, तुमच्या एकटीवरच रेडिओने अन्याय केलेला नाही.

तुमची,
पास्तोरा


वायराणी खाण, ५ ऑक्टोबर १९६३

विहीणबाई,

साहेबांच्या धुण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी ढिगावरच्या बायकांना वाचून दाखवलं नाही. तुम्हाला अजून एकदा तरी वायराणीला यायचं असेल.

पण तुमच्या पत्रातली शेवटाकडची एक ओळ मी ढिगावरच्या नार्सिसाला तीनदा वाचून दाखवली. मेलेल्यांना निरोप. इतकी वर्षं मी इथे राहते आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही रागाने लिहिलंत आणि माझं काम झालं. अशाच रागवत जा.

इथली रीत तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगते. सर्व संतांच्या दिवशी दुपारी आत्मे घरी येतात आणि ज्याच्या घरी नवा आत्मा असेल तो रेडिओवर येऊन आपल्या तोंडाने त्याला वर्षाची बातमी सांगतो. कोण जन्मलं, कुणाची लामा व्याली, कोण कुणाबरोबर पळालं. त्याला सभासदत्व लागत नाही. दारू प्यायलेला चालतो. आणि मेलेल्याचा निरोप मध्येच तोडता येत नाही. तोडला तर तो आत्मा वर्षभर तोडणाऱ्याच्या दारात तिष्ठतो. संघाचा सरचिटणीस देवाला मानत नाही, पण त्या दिवशी तोही रेडिओपाशी टोपी काढून बसतो. सगळी खाण ऐकते.

आम्ही तेव्हा बोलणार. मेलेल्यांना सांगणार, जिवंतांनी ऐकावं.

एकच घोळ आहे. आत्म्याची पानं तीन. तीन वर्षं झाली की त्याला वाजतगाजत कायमचं पोचवायचं, मग हाक मारायची नाही, नाही तर त्याची वाट चुकते. माझ्या सेवेरिनोला पोचवून चार वर्षं झाली. ढिगावरच्या बहुतेकींचं तेच. नवा आत्मा आमच्यात एकट्या नार्सिसाकडे आहे, तिचा मेलितोन. आणि नार्सिसाला चार माणसांत बोलायचं म्हटलं की उचकी लागते. लग्नातही लागली होती, पाद्र्याला वाटलं नको म्हणते.

म्हणून विचारते. तुमचा नवरा मला उसना द्या.

इलारियोन माझा व्याही, त्याचं पहिलं पान आहे, मी त्याला निरोप सांगू शकते. तुम्ही हो म्हटलं तरच. आणि काचेपलीकडे बसलेला त्याचा स्वतःचा मुलगा आपल्या बापाचा निरोप कसा नाकारतो ते मी बघते.

दुसरं. तुम्ही हृदय लिहिलंत. विहीणबाई, मला कशाला लिहिता हृदय? सेवेरिनो आणि इलारियोन नऊ वर्षं खाणीच्या चौथ्या मजल्यावर एकाच भोकात काम करत होते. म्हणून तर आपली पोरं एकमेकांना दिली. दोघांच्या छातीत एकच दगड धूळ होऊन भरला. माझा इथेच राहिला म्हणून लवकर गेला. तुमचा खोऱ्यातल्या हवेत गेला म्हणून हळूहळू गेला.

सातुर्निना


क्लिसा, १४ ऑक्टोबर १९६३

सातुर्निनाबाई,

आत्मा म्हणजे शेजारणीकडून मागून आणायची चाळण नव्हे. तुमचं पत्र वाचून मी दुकान लवकर बंद केलं.

तुम्ही खाणीत राहता. तिथे सगळेच खोकतात, कोण कुणाला हसणार? इथलं वेगळं आहे. इथे म्हणतात, ज्या घरात छातीचा रोग त्या घरच्या मडक्याला तोंड लावू नये. खाणीचा दगड एकाचा दुसऱ्याला लागत नाही हे डॉक्टरला माहीत आहे, मला माहीत आहे. पिणाऱ्याला माहीत नाही. आम्ही इथे आलो तेव्हा इलारियोननेच लोकांना सांगितलं की मी खेचरांचा व्यापारी होतो. खोकला वाढला तेव्हा तोच उठून मागे कोंबड्यांपलीकडच्या खोलीत गेला. “दुकान चाललं पाहिजे, पास्तोरा,” म्हणाला. दुकान चाललं. मी एकटी बाई आता त्याच्यावरच उभी आहे. तुम्ही माईकवर ‘चौथा मजला’ असा एक शब्द बोललात की संध्याकाळी माझ्या दारात कुत्रं फिरकणार नाही. फळीवरचा रेडिओ मीच लोकांना ऐकवते, हे विसरलात का?

तुमच्या चाळीस बायकांसाठी माझं एक घर बुडवायचं, हा कुठला न्याय?

तुम्हाला वाईट वाटेल, पण माझं उत्तर नाही असं आहे. निल्दासाठी एलोयच्या ट्रकमधून मक्याचं पीठ पाठवते.

पास्तोरा


वायराणी खाण, २० ऑक्टोबर १९६३

विहीणबाई,

पीठ मिळालं. चांगलं दळलंय.

नाही म्हणालात, ठीक. माणूस तुमचा, मेला तरी तुमचाच. मी त्याचं नाव घेणार नाही. फाउस्तोलाही यातलं काही सांगितलेलं नाही, त्याच्या ताटात माझ्यामुळे खडा नको. नार्सिसा बोलेल. आम्ही रोज तिला ढिगावर उभी करून हातोडीचा दांडा तोंडापुढे धरतो आणि तिच्याकडून बोलून घेतो. कालपर्यंत उचक्याच ऐकल्या. ठेकेदाराचं यंत्र ओरुरोला आगगाडीतून उतरलंय असं एलोय सांगतो. कुंपणाचे खांब तर इथे येऊन पडलेत. पोरं त्यावर घसरगुंडी खेळतात.

मला तुमचा राग नाही. पोटाचा प्रश्न मला शिकवू नका आणि मी तुम्हाला शिकवत नाही. फक्त एक विचारते, उत्तर नाही दिलंत तरी चालेल. इलारियोन त्या दिवशी येणार, दुकान भरलेलं असणार, तुम्ही त्याच्या पानासमोर बसणार. त्याला काय सांगणार? की तू खेचरं विकत होतास आणि हृदयाने गेलास? जिवंतपणी बिचारा कोंबड्यांमागे जाऊन खोकला. आता पाहुणा म्हणून येईल तर समोर बसून खोकू द्या की त्याला.

हसिंता म्हणते, आई, हे पत्र टाकू नकोस. टाकते आहे.

सातुर्निना


क्लिसा, २९ ऑक्टोबर १९६३

सातुर्निनाबाई,

हे एलोयच्या हाती देते आहे. पोस्टाने वेळेत पोचणार नाही. सोबत पावाच्या चार बाहुल्या आहेत, दोन निल्दाला, एक नार्सिसाच्या मेलितोनच्या पानावर, एक तुम्ही खा.

काल मी पानासाठी कणीक मळत होते. शेजारीण मदतीला आली होती. म्हणाली, “खेचरवाल्यांना गोड फार आवडतं, नाही? साखर जास्त घाल.” मी साखर घातली. घालून झाल्यावर लक्षात आलं, इलारियोन गोडाला शिवत नसे. त्याला करपलेला कडक पाव आणि तिखट लागायचं, खाणीतल्या माणसांना लागतं तसं. मी त्या खेचरवाल्याचं पान मांडत होते. माझा माणूस आला असता आणि त्याला स्वतःचं पान ओळखू आलं नसतं.

कणीक कोंबड्यांना घातली.

न्या त्याला. पूर्ण नाव घ्या, इलारियोन रोहास कोंदोरी. चौथा मजला म्हणा. छाती म्हणा. मी रेडिओ बंद करणार नाही. ही चिठ्ठी फाउस्तोला दाखवा.

त्याला ओरडू मात्र नका. तुम्ही सेवेरिनोला कशा ओरडायच्या ते मी लग्नाच्या वेळी ऐकलं आहे.

पास्तोरा


क्लिसा, ३ नोव्हेंबर १९६३

सातुर्निनाबाई,

पाहुणा काल दुपारी परत गेला. आज हात मोकळे झाले, म्हणून लगेच लिहिते.

शुक्रवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रार्थना म्हणायची, पाव घ्यायचा, चिचा प्यायची, लोक येत होते. रेडिओ चालू. घरघर होतीच. फाउस्तो एकेकाचं नाव घेत होता. मग नार्सिसा आली हे उचकीवरून कळलं. एक उचकी, दुसरी, दुकानात कुणीतरी हसलं. आणि मग ती बाई म्हणाली, “मेलितोन, ढीग विकतायत.” पुन्हा उचकी. आणि गेली. 

मग तुम्ही. तुमचा आवाज रेडिओवर आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. तुम्ही नाव घेतलंत, चौथा मजला म्हणालात, आणि सगळी डोकी माझ्याकडे वळली. तुमचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. “इलारियोन, मी सेवेरिनोची सातुर्निना. तुझ्या बायकोला विचारून बोलते आहे. आधी जेवून घे, बातमी वाईट आहे. तुझ्या छातीत जेवढा दगड मावला तेवढा तू घेऊन गेलास. उरलेला ढिगावर आहे, आणि त्या उरलेल्यावर आम्ही चाळीस बायका जगतो. तोही आता देऊन टाकतायत. तुझ्या मुलाचा आवाज लांब जावा म्हणून देतायत. मुलगा तुझा गुणी आहे, इथे काचेपलीकडे बसलाय. त्याला तूच विचार, एवढ्या लांब जाऊन हा सांगणार काय?”

आणि आवाज बंद पडला.

मी उठून रेडिओपाशी गेले. वाटलं, तोडलं. माझ्या पोटच्या पोराने बापाचा निरोप तोडला. पण घरघर चालू होती, म्हणजे यंत्र चालू होतं. तेव्हा कळलं, तुम्हाला रडू आलं असणार. तुमच्यासारख्या बाईला. दुकानातल्या सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या.  मग तुमचा आवाज आला, “एवढंच. आता जेव.”

त्यानंतर सगळे माझ्या मडक्याकडे बघत होते. म्हातारा गुमेर्सिंदो, सर्वात जुनं गिऱ्हाईक, त्याने हातातला वाडगा खाली ठेवला. म्हटलं, झालं, संपलं दुकान. तो म्हणाला, “माझा भाऊ पण खाणीतला. आम्ही विंचू चावला म्हणून सांगितलं.” कोपऱ्यातून एकीने म्हटलं, “आमच्या मामांना आम्ही घोड्यावरून पाडलं.” मग गुमेर्सिंदोने वाडगा पुढे केला, “भर.” दोन जण उठून गेले ते आले नाहीत. जाऊ देत. प्यायले की रडायचे.

संध्याकाळी पानासमोर बसले आणि इलारियोनला सगळं सांगितलं. करपलेला पाव सगळ्यात आधी संपला.

सभेत काय होतं ते कळवा. आणि रडलात त्याची लाज बाळगू नका.

पास्तोरा


वायराणी खाण, १२ नोव्हेंबर १९६३

विहीणबाई,

मी रडले नाही.

क्लिसाच्या पुरुषांनी कशाला टोप्या काढल्या ते त्यांना सांगू नका, तुम्हाला सांगते. माझ्या गालात चघळायच्या कोकापानांचा गोळा होता. माईकवर जायच्या आधी थुंकायचा राहिला. ‘सांगणार काय’ म्हटलं आणि गोळा घशात गेला. खोकले असते तर अख्ख्या देशाने ऐकलं असतं, म्हणून नाक धरून, डोळे पांढरे करून बसले. गिळायला वेळ लागला. माझ्या दुःखाची गोष्ट एवढीच.

पण त्या वेळात काचेपलीकडे काय झालं ते तुम्ही ऐकलं नाहीत, ते मी पाहिलं. आधी मी आत जाऊन नाव सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला होता. “सासूबाई, हे तर माझे वडील.” मी तुमची चिठ्ठी काचेला लावली. त्याने वाचली, बसला, लाल दिवा लावला. आता मी अडकले तेव्हा गाण्याची तबकडी त्याच्या हातात होती. लावली असती तर निरोप संपला असता. बाई अडखळली म्हणून गाणं लावलं, असं म्हणाला असता, कुणी नावं ठेवली नसती, आत्माही दारात बसला नसता. सरचिटणीस बाहेरून हाताने खूण करत होता, लाव, लाव. आणि रेडिओवाल्याला तर शांततेची भीती असते, यंत्र बंद पडल्यासारखं वाटतं त्यांना. तुमच्या मुलाने तबकडी मांडीवर ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि थांबला. माझं गिळून होईपर्यंत थांबला. मी इतकी वर्षं त्याला नावं ठेवली. पुढेही ठेवीन. पण हे त्याच्या खात्यावर लिहून ठेवा.

आता सभा. आम्ही सभासद नाही म्हणून दाराबाहेर उभ्या, हातात हातोड्या. कुणाला मारायला नाही, ढिगावरून तशाच आलो होतो, पण असलेल्या बऱ्या. सभा कर्ण्यावर ऐकू येत होती. सरचिटणीस चांगलं बोलतो. नवं यंत्र, पेरू, सगळ्या जगाचे कामगार, सगळं बोलला. टाळ्या पडल्या. मग फाउस्तो उठला. मला वाटलं, आता यंत्राचे गुण सांगणार. म्हणाला, “यंत्र मला पाहिजे. चार वर्षं मीच मागतोय, खोटं कशाला बोलू? पण माझ्या वडिलांची अजून दोन पानं बाकी आहेत. मेलितोनची पण आहेत. ते पुढच्या वर्षी येणार आणि ढिगाचं काय झालं ते विचारणार. उत्तर कोण देणार ते आत्ता ठरवा. मी देणार नाही.”

खाली बसला.

विहीणबाई, सभेला चारशे माणसं होती. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी येणारच असतं. मागून एक म्हणाला, “सरचिटणीसांनी द्यावं, त्यांचा देवावर विश्वास नाही, त्यांना काय भीती?” तेव्हा जे हसले ते हसले, आणि मग हात वर झाले. नको म्हणणारे जास्त निघाले. पण नवं यंत्र पाहिजे म्हणणारेही बरेच होते, ते आता मला नळावर रस्ता देत नाहीत. देतील.

ठेकेदार यंत्र घेऊन दुसऱ्या खाणीकडे गेला. पुढच्या वर्षी परत येईल, असली माणसं येतात. आम्ही कुठे जातोय? कुंपणाचे खांब आम्ही ढिगावर नेऊन सावलीला छप्पर घातलं.

आणि दर शनिवारी, फुटबॉलच्या बातम्यांनंतर, ढिगावरच्या बायका बोलणार. आपल्या केचुआ भाषेत, हव्या त्या विषयावर. सभासदत्वाचं विचारलं तर फाउस्तो म्हणाला, गाढवाचं जे झालं तेच.

सातुर्निना


क्लिसा, २६ नोव्हेंबर १९६३

सातुर्निनाबाई,

कोकाचं मी कुणाला सांगितलं नाही. गुमेर्सिंदो अजून त्या शांततेबद्दल बोलतो आणि डोळे पुसतो. त्याचं काय बिघडतंय.

फाउस्तोचं वाचलं. परत वाचलं. मग दुकानात मोठ्याने वाचलं. एवढंच लिहिते, नाही तर तुम्ही म्हणाल आपला तो बाब्या.

आता माझं ऐका. इथल्या बायका माझ्याकडे येऊन बसायला लागल्या आहेत. प्यायला नाही. एकीचा नवरा दोन वर्षांपूर्वी खाणीतून खोकत परत आला, कंपनीने कागदावर ‘अशक्तपणा’ लिहून पाठवला. दुसरीचा मुलगा तसाच. बारा घरं निघाली, आमच्या एका गल्लीत आणि शेजारच्या दोन गल्ल्यांत. प्रत्येकीला वाटत होतं आपलं एकटीचंच आहे. सगळ्यांना बोलायचं आहे. मला म्हणतात, तुमचा मुलगा तिथे आहे, तुम्ही आम्हाला न्या.

पुढच्या शनिवारी, सात तारखेला, मी एलोयच्या ट्रकने येते आहे. सोबत तीन बायका आहेत. मी स्वतः बोलणार आहे, इलारियोनबद्दल, आणि कुणाकडून उसनं घेऊन नाही. फाउस्तोला सांगून आम्हाला चांगला अर्धा तास राखून ठेवा. मी टोपीसकट सगळा पेहराव करून येते, रेडिओवर दिसत नसला तरी.

पास्तोरा


वायराणी खाण, १ डिसेंबर १९६३

विहीणबाई,

या.

अर्धा तास कुणालाच मिळत नाही, संघाच्या सरचिटणिसालाही आम्ही दिला नाही. बाई आत गेली की दुसरी दाराशी उभी राहते आणि पहिलीचं लांबलं की दार ठोकते. नार्सिसा दार ठोकते. तिची उचकी गेली आणि आता ती कुणाचं ऐकत नाही.

रांग दुपारपासून लागते. तुम्ही कारभाऱ्याची आई आहात हे रांगेत सांगू नका, उपयोग होणार नाही, मी त्याची सासू असून होत नाही. तुमच्या तीन बायकांना माझ्यामागे उभं करा. तुम्ही सर्वात शेवटी उभ्या राहा. शेवटच्या बाईच्या मागे दार ठोकायला कुणी नसतं.

सातुर्निना